वाचकांचे प्रश्न : ‘सायलेंट रनिंग’ आणि अवकाशात नेलेले जंगल

गेल्या अंकातल्या जुन्या विज्ञानचित्रपटांवरील लेखात १९७२ साली प्रदर्शित झालेल्या ‘सायलेंट रनिंग’ या अमेरिकी चित्रपटाविषयी मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते. उरलेल्या सबंध लेखापेक्षा त्या दोन परिच्छेदांवरच अधिक पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे या चित्रपटाला दिले आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी कथा थोडक्यात सांगतो. बरेच प्रश्न शेवटाविषयीच असल्याने तोही सांगणे भाग आहे.

पृथ्वीवर एकही जंगल उरलेले नाही. जी झाडे आणि जे प्राणी वाचवता आले ते मोठमोठ्या पारदर्शक घुमटांत ठेवले आहेत आणि हे घुमट मालवाहू अवकाशयानांना जोडून शनीच्या परिसरात ठेवले आहेत. कधीतरी पृथ्वीवर पुन्हा जंगल लावता येईल, ही त्यामागची आशा आहे. ‘व्हॅली फोर्ज’ नावाच्या यानावर चार माणसे आहेत. त्यांपैकी फ्रीमन लोवेल हा वनस्पतिशास्त्रज्ञ आठ वर्षे हे जंगल सांभाळतो आहे. एक दिवस आदेश येतो, की घुमट यानापासून तोडून अणुस्फोटाने नष्ट करा आणि याने परत आणा. लोवेल तो मानत नाही. शेवटचा घुमट वाचवण्यासाठी तो आपल्या तिन्ही सहकाऱ्यांचे प्राण घेतो, अपघात झाल्याचे सोंग करून यान शनीच्या कड्यांतून पार नेतो आणि तीन छोट्या यंत्रमानवांपैकी उरलेल्या दोघांच्या सोबतीने पुढचे दिवस काढतो. शोध घेणारे यान जवळ येऊन पोहोचते तेव्हा तो घुमट एका यंत्रमानवाच्या हवाली करून अवकाशात सोडून देतो आणि यानासकट स्वतःचा अंत करून घेतो.

प्रश्न (एक वाचिका, नाशिक) : घुमट उडवून देण्याचा आदेश कोण देतो आणि का देतो, हे मला चित्रपटात कुठेच सापडले नाही. हे दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटले, की मुद्दाम गाळले?

उत्तर : माझ्या मते मुद्दाम गाळले, आणि चित्रपटातली सर्वांत खरी गोष्ट तीच आहे. आदेश रेडिओवरून येतो. ज्या अधिकाऱ्याच्या तोंडून तो ऐकू येतो, त्यालाही कारण सांगितलेले नाही. जंगले नष्ट करावीत आणि याने व्यापारी वाहतुकीच्या कामावर परत रुजू व्हावीत, एवढेच त्याला कळवलेले आहे. कोणाला जंगलाचा राग आहे, कोणाला त्या जागेवर काही उभारायचे आहे, असे काहीच नाही. याने हवी आहेत आणि त्यांवर जंगल लादलेले आहे, म्हणून ते उतरवायचे.

जंगल जमिनीवर उभे असते तेव्हा ते तोडणाऱ्याला काही ना काही कारण द्यावे लागते, कारण त्या जंगलाशी बांधलेली माणसे आजूबाजूला राहत असतात. कोणी तिथे गुरे चारतो, कोणी मध काढतो, कोणाच्या विहिरीचे पाणी त्या उतारावरून झिरपून येते, आणि हे लोक हरकत घेतात. तेच जंगल उचलून यानावर नेले, की ते मालाच्या यादीतली एक बाब होते. ते टिकवण्याचा खर्च दरसाल मंजूर करावा लागतो, आणि एखाद्या वर्षी तो मंजूर झाला नाही तर हरकत घ्यायला तिथे पगारी नोकरांखेरीज कोणीही नसते. चित्रपटात या यानांवर अमेरिकन एअरलाइन्सचे बोधचिन्ह ठळकपणे दिसते, ते याच अर्थाने बोलके आहे.

लोवेलच्या तीन सहकाऱ्यांनाही चित्रपट खलनायक करत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. घरापासून दूर राहून कंटाळलेली ती तरुण मुले आहेत. रिकाम्या मालकक्षात ती छोट्या गाड्यांच्या शर्यती लावतात, पत्ते कुटतात, आणि आदेश ऐकल्यावर घरी जायला मिळणार म्हणून आनंदाने ओरडतात. कारखान्यात तयार झालेले अन्न त्यांना सवयीचे झाले आहे. लोवेल स्वतः पिकवलेले खरबूज कापून खायला बसतो तेव्हा त्यांना त्याचा वास सहन होत नाही. या एका प्रसंगातून त्यांच्यात आणि जंगलात किती अंतर पडले आहे ते कळते, आणि त्यासाठी चित्रपटाला कोणालाही दुष्ट ठरवावे लागत नाही.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, सोलापूर) : लोवेलचा सहकारी त्याला सांगतो, की पृथ्वीवर आता रोगराई जवळजवळ नाही, गरिबी नाही, कोणी बेकार नाही. दुष्काळात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून वाटले, की एवढे साधले असेल तर झाडांसाठी रडणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. आपले मत काय?

उत्तर : आपला प्रश्न चित्रपटातल्या उत्तरापेक्षा अधिक बळकट आहे, हे आधी मान्य करतो. लोवेल त्यावर सांगतो, की सगळीकडे तापमान ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ अंश सेल्सिअस आहे, सगळीकडची माणसे सारखी झाली आहेत, आणि सौंदर्य, कल्पनाशक्ती, नव्याने धुंडाळावा असा मुलूख यांतले काहीही उरलेले नाही. हातात झाडाचे पान धरण्याचे नवल पुढच्या पिढीतल्या लहान मुलीला कधीच कळणार नाही, असेही तो कळवळून म्हणतो. उपाशी माणसापुढे हा युक्तिवाद टिकणार नाही.

वास्तवात मात्र गरिबी हटवण्याचे काम आणि जंगल ही दोन वेगळी खाती नाहीत. हा चित्रपट निघाला त्याच दशकात आशियातल्या भातशेतीवर ग्रासी स्टंट नावाचा विषाणुजन्य रोग आला होता. हजारो वाण तपासल्यावर त्याला दाद न देणारा गुण उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भातात, ‘ओरायझा निवारा’ या जातीत सापडला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तो गुण लागवडीच्या वाणांत आणला आणि ‘आयआर ३६’सारखे वाण कोट्यवधी लोकांच्या ताटात गेले. पाणथळीच्या कडेला उगवणारे ते गवत कोणी निरुपयोगी म्हणून आधीच संपवले असते, तर रोग आल्यावर ते शोधायला जागाच उरली नसती.

असे असूनही चित्रपट हा युक्तिवाद वापरत नाही, आणि तिथेच मला त्याचे धाडस दिसते. अन्न कारखान्यात बनते, रोग आटोक्यात आहेत, हवा हवी तशी राखता येते, असे जग पटकथेने आधीच रचून ठेवले आहे. त्या जगात जंगलाचा उपयोग शून्य आहे. जंगल औषधे देते, पाऊस आणते, जमीन धरून ठेवते, ही आपण एरवी देतो ती सगळी कारणे लोवेलच्या हातून काढून घेतलेली आहेत. मग उरतो तो एकच प्रश्न, की ज्याचा आपल्याला काडीचाही उपयोग नाही असे सजीव जग जगू द्यायचे की नाही. लोवेल द्यायचे म्हणतो आणि त्याला ते नीट पटवून देता येत नाही. मला त्याचे ते अडखळणे खरे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांना जे मनापासून वाटते त्याला उपयोगाच्या भाषेबाहेर शब्द सापडत नाहीत, आणि म्हणून आपण प्रत्येक झाडामागे प्राणवायूचा हिशेब मांडत बसतो.

प्रश्न (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे) : झाडे का मरत आहेत हे लोवेलला बराच काळ कळत नाही आणि शेवटी सूर्यप्रकाश कमी पडतो आहे हे ध्यानात येते. वनस्पतिशास्त्रज्ञाला एवढे न कळणे ही पटकथेतली घोडचूक नाही का? शनीपाशी प्रकाश नेमका किती असतो?

उत्तर : चूक आहेच, पण ती कोणत्या जागी आहे हे आकड्यांनी पाहू या. शनीचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे साडेनऊ पट आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून तिथे पृथ्वीच्या मानाने साधारण नव्वदावा हिस्सा प्रकाश पोहोचतो. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १,३६० वॅट ऊर्जा मिळते, तर शनीपाशी जेमतेम १५ वॅट. भर दुपारी १ हेक्टर जमिनीवर जिथे साधारण १० मेगावॅट इतकी सौरऊर्जा पडते, तिथे शनीजवळ तेवढ्याच जागेवर ०.१५ मेगावॅट पडेल.

आता हाच प्रकाश डोळ्याला कसा दिसेल ते पाहा. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. त्याचा नव्वदावा हिस्सा म्हणजे ११०० लक्स होतो, आणि आपल्या कार्यालयांत टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश पुरेसा मानतात. म्हणजे शनीपाशी उभ्या असलेल्या माणसाला अंधार मुळीच जाणवणार नाही. वाचता येईल, पानांचा रंग दिसेल. आपला डोळा कमीअधिक प्रकाशाशी फार लवकर जुळवून घेतो आणि म्हणून प्रकाश मोजण्याच्या कामी तो भरवशाचा नाही. पानाला अशी सवलत नाही. श्वसनात जेवढी साखर खर्च होते निदान तेवढी प्रकाशसंश्लेषणातून तयार व्हावी लागते. त्या पातळीच्या खाली प्रकाश गेला, की झाड साठ्यातले खाऊ लागते आणि काही आठवड्यांत पाने पिवळी पडून गळतात. घनदाट जंगलाच्या तळाशी वरच्या प्रकाशाचा १ ते २ टक्केच भाग पोहोचतो, म्हणून तिथल्या नेच्यांनी आणि शेवाळांनी लोवेलच्या घुमटात कदाचित तग धरला असता, मोठे वृक्ष मात्र आधी गेले असते. लोवेल रोज त्या जंगलात वावरूनही फसला, हे म्हणूनच मला अगदीच अशक्य वाटत नाही.

खरी चूक त्याच्या आधीची आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हाच ही याने शनीच्या परिसरात आहेत, म्हणजे प्रकाश पहिल्या दृश्यापासूनच नव्वदावा हिस्सा असायला हवा. तिथे आठ वर्षे जंगल हिरवेगार राहिले असेल तर दिवे पूर्वीपासून असणार, आणि दिवे असतील तर कड्यांपलीकडे गेल्यावर एकाएकी उणीव पडण्याचे कारण नाही. शिवाय लोवेल शेवटी जे मोजके दिवे बसवतो, त्यांवर एवढे जंगल जगणार नाही.

कड्यांचे दृश्यही आजच्या माहितीशी जुळत नाही. यान वादळात सापडल्यासारखे बराच वेळ हेलकावत राहते. प्रत्यक्षात शनीची मुख्य कडी हजारो किलोमीटर रुंद असली, तरी त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच्या घरात आहे. उभे छेदून जाणारे यान क्षणार्धात पलीकडे जाईल, किंवा मध्येच चक्काचूर होईल. पण शनीजवळून पहिले यान, ‘पायोनियर ११’, गेले ते १९७९ साली, चित्रपटानंतर सात वर्षांनी. त्यासाठी दिग्दर्शकाला दोष देता येत नाही.

प्रश्न (चित्रपटाचा अभ्यास करणारा वाचक, मुंबई) : संगणकाचे चित्रतंत्र नसताना ते तीन यंत्रमानव चालतात कसे? त्यांच्या हालचाली यंत्रासारख्या वाटत नाहीत.

उत्तर : वाटत नाहीत, कारण आत माणसे आहेत. दिग्दर्शक डग्लस ट्रंबुल यांनी दोन्ही पाय नसलेल्या चार कलाकारांना ही कामे दिली. मार्क पर्सन्स, शेरिल स्पार्क्स, स्टीव्ह ब्राउन आणि लॅरी व्हिसेनहंट ही त्यांची नावे. प्रत्येकाच्या शरीराच्या मापाने हलक्या प्लास्टिकचे कवच बनवले होते आणि ते आत बसून हातांवर चालत. यंत्रमानवाचे जे पाय आपल्याला दिसतात ते त्या कलाकारांचे हात आहेत. १९३२ च्या ‘फ्रीक्स’ या चित्रपटात ‘जॉनी एक’ या नावाचा कलाकार हातांवर चालताना ट्रंबुल यांनी पाहिला होता आणि ही कल्पना त्यावरून सुचली.

यंत्रमानवांना चेहरा नाही, आवाज नाही, डोळ्यांच्या जागी धड भिंगही नाही. तरीही एक यंत्रमानव जखमी झाल्यावर दुसरा त्याच्यापाशी थांबून राहतो आणि हलायला नकार देतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याचे दुःख कळते ते केवळ शरीराचा तोल किंचित कसा कलतो त्यावरून. पत्त्यांचा प्रसंगही पुन्हा पाहावा. लोवेलने त्यांना पोकर शिकवले आहे. समोरच्याच्या हातात चांगली पाने असताना त्याने ती शांतपणे लपवून आपल्याला हरवले, हे कळल्यावर लोवेल एवढा मोठ्याने हसतो, की तो किती एकटा पडला आहे हे त्या हसण्यावरूनच जाणवते. सहकारी गेल्यानंतरच तो या यंत्रांना डोनाल्ड डकच्या पुतण्यांची नावे देतो : ह्युई, ड्युई आणि लुई.

पैशाचा विचार केला तर हे सगळे अधिकच विलक्षण आहे. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या कमी खर्चाच्या चित्रपटाच्या यशानंतर युनिव्हर्सल कंपनीने काही तरुण दिग्दर्शकांना प्रत्येकी साधारण १० लाख डॉलर देऊन फारसा हस्तक्षेप न करता चित्रपट करू दिले, त्यांतला हा एक. एवढ्या पैशात यानाचा अंतर्भाग उभारणे शक्य नव्हते, म्हणून लाँग बीच येथे मोडीत निघण्याची वाट पाहत उभी असलेली विमानवाहू युद्धनौका ‘व्हॅली फोर्ज’ चित्रीकरणासाठी वापरली आणि यानाला तिचेच नाव दिले. जंगल एका नव्या विमानघरात वाढवले. घुमटांचा आकार सेंट लुइसच्या वनस्पती उद्यानातल्या ‘क्लायमेट्रॉन’ या १९६० च्या काचघरावरून घेतला. बाहेरून दिसणारे यान म्हणजे सुमारे २५ फूट लांबीची प्रतिकृती होती आणि तिच्या अंगावरचे बारीक तपशील खेळण्यातल्या रणगाड्यांचे शेकडो संच फोडून त्यांच्या तुकड्यांतून बसवले होते. ट्रंबुल यांनी ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या दृश्यपरिणामांवर काम केले होते. तिथे शनी दाखवायचा बेत साधला नाही आणि गुरूवर भागवावे लागले, तो राहिलेला शनी त्यांनी इथे आणला. या चित्रपटावर काम केलेले जॉन डायक्स्ट्रा पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’च्या दृश्यपरिणामांचे प्रमुख झाले.

प्रश्न (वकील, कोल्हापूर) : तीन निरपराध माणसांना मारणाऱ्याला चित्रपट नायक करतो, हे मला मान्य नाही. पर्यावरणाच्या नावाने हिंसेचे समर्थन होत नाही का?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि तो चित्रपटालाही ठाऊक आहे, असे मला वाटते. पहिली हत्या फावड्याने, झाडांच्या मध्ये, अत्यंत ओबडधोबड झटापटीत होते. तिच्यात शौर्याचा लवलेश नाही. दुसऱ्या दोघांना लोवेल एका घुमटात अडकवून तो घुमटच उडवून देतो, म्हणजे माणसे मारण्यासाठी त्याने स्वतःच एक जंगल नष्ट केले. त्यानंतरचा सबंध चित्रपट त्या कृत्याखाली दबलेला आहे. मेलेल्याला पुरताना तो यंत्रमानवांकडून खड्डा खणून घेतो आणि दुरून चार शब्द बोलतो, पण स्वतःला माफ करू शकत नाही. पुढे तो झाडांची देखभालही सोडून निष्काळजीपणे गाडी हाकत राहतो आणि त्यातच ह्युई जखमी होतो. ज्या माणसाने जंगलासाठी खून केले, त्याला त्या खुनांनंतर जंगलाकडे पाहवत नाही. समर्थन असे दिसत नाही.

भूमिकेसाठी निवडलेला नटही विचारात घ्यावा. ब्रूस डर्न तोवर बहुतेक विक्षिप्त आणि धोकादायक माणसांच्या भूमिकांसाठी ओळखले जात. त्याच वर्षी आलेल्या ‘द काउबॉइज’मध्ये त्यांनीच जॉन वेन यांच्या पात्राचा खून केला होता. साधूसारखा झगा घालून सशांना खायला देणारा लोवेल पाहताना त्या काळच्या प्रेक्षकाला हा माणूस बिथरू शकतो याची धास्ती पहिल्यापासून असणार. त्याचे प्रेम खरे आहे आणि त्याचा तोलही खरोखरच गेलेला आहे. या दोन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर दिसतात, यासाठी मी हा चित्रपट मानतो. माझी तक्रार वेगळी आहे. मेलेल्या तिघांना पटकथेने इतके थोडे दिले आहे, की त्यांची नावेही प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत, आणि त्यामुळे लोवेलच्या अपराधाचे वजन डर्न यांच्या एकट्याच्या अभिनयावर पडते.

प्रश्न (वनखात्यातून निवृत्त झालेले वाचक, सावंतवाडी) : असे जंगल बंद घुमटात खरोखर टिकेल का? आमच्याकडच्या देवरायांचे तुकडेही लहानच असतात, तरी शेकडो वर्षे टिकले आहेत.

उत्तर : बंद घुमटाचा प्रयोग पृथ्वीवर झालेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर २’ नावाचे सुमारे सव्वा हेक्टरचे काचबंद संकुल उभारून त्यात वर्षावन, गवताळ रान, शेती, एक छोटा समुद्रही बसवला होता. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दोन वर्षांनी बाहेर आली. मधल्या काळात हवेतला प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून घसरत १४ टक्क्यांच्या आसपास आला. माणसांना जिना चढताना धाप लागू लागली आणि १९९३ च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. सेंद्रिय खताने समृद्ध केलेल्या मातीतले सूक्ष्मजीव अपेक्षेपेक्षा फार अधिक प्राणवायू वापरत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घेऊन प्राणवायू परत द्यायला हवा होता, पण त्यातला बराचसा संकुलाच्या काँक्रीटनेच शोषून घेतला. चुन्याशी संयोग होऊन तो भिंतींत अडकला आणि त्याच्याबरोबर प्राणवायूही गेला. परागीभवन करणारे बहुतेक कीटक मेले, मुंग्या मात्र बेसुमार वाढल्या. आत वारा नसल्याने झाडांची खोडे कमकुवत राहिली. झाडाला वाऱ्याशी झगडावे लागते म्हणूनच त्याचे लाकूड कणखर होते, हे किती जणांच्या ध्यानात आले असते?

देवराई लहान असली तरी बंद नसते, हा मोठा फरक आहे. वारा, पक्षी, वटवाघळे, मुंगूस, पावसाचे पाणी तिच्यातून ये-जा करतात. बिया बाहेरून येतात आणि बाहेर जातात. दुसरा फरक राखणदारांचा आहे. हा चित्रपट निघाला त्याच दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले नियम आढळले, आणि कित्येक ठिकाणी गावाच्या पाण्याचा उगमही राईतच होता. तिथे जंगल राखणारा आणि जंगलावर जगणारा एकच आहे. लोवेलच्या घुमटाला हेच मिळाले नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की तुकडा लहान असणे एकवेळ परवडते, त्याला कोणाशीही बांधलेले नसणे परवडत नाही.

प्रश्न (वाचक, नागपूर) : पन्नास वर्षांपूर्वी या चित्रपटाने हवामानबदल ओळखला होता, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, आणि ते श्रेय त्याला देऊही नये. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी १९५८ पासून सुरू होती. १९७२ मध्ये ते प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३२७ होते, आज ते ४२० च्या वर आहे. पण सर्वसामान्यांच्या चर्चेत तेव्हा कीटकनाशके, नद्यांतील घाण, तेलगळती आणि लोकसंख्या हे विषय होते. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरचे पुस्तक १९६२ मध्ये आले होते, पहिला वसुंधरा दिन २२ एप्रिल १९७० रोजी झाला आणि पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद चित्रपटानंतर तीन महिन्यांनी, जून १९७२ मध्ये भरली. चित्रपटाची भीती तापणाऱ्या पृथ्वीची नाही, सगळीकडे एकसारख्या झालेल्या पृथ्वीची आहे.

प्रश्न (वाचिका, डोंबिवली) : लोकगायिका जोन बाएझ यांची गाणी मध्येच का येतात? मला ती खटकली.

उत्तर : संगीत पीटर शिकेल यांचे आहे आणि बाएझ यांचा आवाज त्या काळच्या तरुणांच्या चळवळींशी जोडलेला होता. लोवेल कोणत्या पिढीचा आहे हे त्यातून न सांगता कळत असे. मलाही पहिले गाणे जरा लांबलेले वाटते.

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा) : शाळेत हा चित्रपट दाखवावा का, आणि कितवीच्या मुलांना?

उत्तर : अमेरिकेत तो सर्व वयांसाठी योग्य ठरवला गेला होता. तरी त्यात तीन हत्या आणि एक आत्मनाश असल्याने मी नववीच्या खाली दाखवणार नाही, आणि त्या वयातही शेवटाविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलण्यासाठी वेळ राखून ठेवीन. लांबी सुमारे दीड तास आहे. लोवेलला पिवळी पडलेली पाने दिसतात तिथे चित्रपट थांबवावा आणि कारण मुलांकडून काढून घ्यावे. पाणी, खत, कीड, हवा अशी उत्तरे आधी येतील, ती फळ्यावर लिहून एकेक वगळत जावे. प्रकाश मोजण्याचे ॲप मोबाइलमध्ये मिळते. त्याने अंगणात, खिडकीपाशी आणि वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात किती लक्स भरतात ते मुलांनाच मोजू द्यावे, म्हणजे शनीपाशी उजेड कसा असेल याचा अंदाज त्यांना स्वतःच येईल. टोमॅटोच्या दोन सारख्या रोपांपैकी एक अंगणात आणि एक त्या मागच्या कोपऱ्यात, दोन्हींना सारखेच पाणी देऊन ठेवावे. मात्र हे चित्रपटाच्या निदान तीन आठवडे आधी सुरू करावे लागेल, कारण रोप साठ्यावर काही दिवस काढते आणि घाईने केलेल्या प्रयोगात फरक दिसत नाही.